दरीवरचा पूल आणि एक पतंग

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे जाऊन आलेल्या आई-वडिलांच्या फोटोंत नायगरा असतोच. पुढच्या वेळी तो फोटो पाहाल तेव्हा अंगावरच्या रेनकोटचा रंग बघा. निळा असेल तर बोट अमेरिकेच्या काठावरून घेतली, लाल असेल तर कॅनडाच्या. आणि मागे, धबधब्याच्या जरा खालच्या अंगाला, दरीवर एक पोलादी कमान दिसते का तेही बघा. तिचं नाव रेनबो ब्रिज. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

कमानीचा गाळा 290 मीटर, खाली नदी 62 मीटरवर. पुलाच्या दोन्ही टोकांना पासपोर्ट तपासणारी ठाणी आणि मधोमध सीमारेषा. मालट्रकना इथे मज्जाव आहे. त्यांनी नदीच्या खालच्या अंगाच्या लुइस्टन-क्वीन्स्टन पुलानं जायचं. पायी मात्र कुणीही जावं, अर्थात पलीकडचा व्हिसा असेल तर! आपल्यातल्या कितीतरी जणांना समोरचं कॅनडा डोळे भरून पाहून परतावं लागतं, ते याच एका कागदापायी.

हा पूल 1 नोव्हेंबर 1941 रोजी खुला झाला. त्याआधी जवळच 1898 सालची एक कमान होती. मधुचंद्राला आलेल्या जोडप्यांची इतकी वर्दळ, की लोक तिला हनीमून ब्रिजच म्हणत. तिचं एक दुखणं होतं. पाये पाण्याच्या फार जवळ. 1938 च्या जानेवारीत वादळी वाऱ्यानं ईरी सरोवरातला बर्फ नदीत लोटला. तो धबधब्यावरून कोसळून दरीत साचत गेला आणि पायांना भिडला. पूल रहदारीला बंद केला, दोन्ही काठांवर बघ्यांची गर्दी जमली आणि 27 जानेवारीला दुपारी अख्खी कमान खालच्या बर्फावर आडवी झाली. नव्या कमानीचे पाये उंचावर घेतले ते त्यामुळेच.

लुइस्टनची गोष्ट तर याहून चमत्कारिक. तिथला जुना झुलता पूल 1864 मध्ये बर्फापासून वाचावा म्हणून त्याच्या आधाराच्या तारा सैल केल्या. आणि मग वाऱ्यानंच तो मोडला. करायला गेलो एक!

पण या दरीवर पूल बांधायची सुरुवात कशी झाली? सुमारे 240 मीटर रुंद दरी, तळाशी बोट टिकू नये असं खवळलेलं पाणी. पहिली तार पलीकडे न्यायची कशी? चार्ल्स एलेट नावाच्या इंजिनिअरनं पतंगाची स्पर्धा लावली. महिना जानेवारी, साल 1848. आपल्याकडच्या संक्रांतीचेच दिवस, फक्त थंडी हाडं गोठवणारी.

होमन वॉल्श हा पंधरा-सोळा वर्षांचा अमेरिकन मुलगा. वारा कॅनडाकडून बरा मिळतो हे हेरून तो वर धबधब्याजवळ, जिथे पाणी शांत होतं तिथून, होडीनं पलीकडे गेला आणि दरीच्या त्या काठावरून पतंग सोडला. ढील देत देत पतंग पार पोचला, पण दोर खालच्या बर्फाच्या कडेवर घासून तुटला. आपल्याकडे कुणी ‘काटला!’ म्हणून ओरडलं असतं. परत यावं तर नदीत बर्फ, होडी बंद. पोरगं आठ दिवस परदेशात अडकून पडलं. होडी सुरू झाल्यावर घरी आला, पतंग दुरुस्त केला, पुन्हा पलीकडे गेला. या खेपेला दोर टिकला.

त्या दोराला जाड दोर बांधला, त्याला आणखी जाड, शेवटी लोखंडी तार. काही आठवड्यांतच एलेट स्वतः लोखंडी पाळण्यात बसून दरीपार गेला. सात वर्षांनी त्याच जागी झुलत्या पुलावरून आगगाडी धावत होती.

वॉल्शला बक्षीस मिळालं पाच डॉलर. आठ दिवसांच्या राहण्या-जेवणाचं काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

नमस्कार.