दुकानातलं लिनक्स आणि दऱ्याखोऱ्या

नमस्कार मंडळी. मला बोलायला सांगितलंय ते रोज लिनक्स वापरण्याबद्दल. मी इंजिनिअर नाही, नाशिकरोडला माझं टायपिंग, डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, सकाळी नऊला शटर वर जातं ते रात्री साडेआठ-नऊला खाली येतं आणि तेवढा सगळा वेळ माझ्यासमोरच्या मशीनवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्सची एक तयार आवृत्ती, चालू असतं. आठ वर्षं झाली आता. घरी लेकीच्या लॅपटॉपवर पण तेच आहे. म्हणजे मी सांगणार ते सगळं काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं.

इतिहास थोडक्यात सांगते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या मुलाने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय असं नेटवर जाहीर केलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता, आणि पुढच्याच वर्षी ती जीपीएल लायसन्सखाली आली म्हणजे कोणीही घ्या, बदला, वाटा. आणि त्याच १९९१ साली आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने इस्कीचं मानक काढलं, म्हणजे आपल्या लिप्यांच्या अक्षरांना कॉम्प्युटरमध्ये कोणते कोड द्यायचे ते ठरवलं, आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे ती अक्षरं टाइप करायची बटणांची मांडणी, त्यात दिलेला आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या टेबलावर त्या एकत्र आल्या आणि माझं काम बदललं. आज मला मुख्य त्याबद्दलच बोलायचंय, बाकीचं येता जाता.

झालं असं, एक रिटायर्ड मास्तर आले. काका त्र्यंबकच्या बाजूचे, आपल्या गावावर पुस्तक लिहिलेलं, दीडशे पानं, पंधरा-वीस वर्षांपूर्वी दुसरीकडे टाइप करून घेतलेलं आणि सीडीत ठेवलेलं. म्हणाले, ताई, थोडी भर घालून परत छापायचंय. मी फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलर, टक्के. काका घाबरले, त्यांना वाटलं सीडी खराब झाली. सीडीला काही झालं नव्हतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजीचेच कोड असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्रं दाखवतो, तो फॉन्ट नसला की मजकूर गेला. माणसाने वीस वर्षं जपून ठेवलेलं लिखाण एका फॉन्टच्या फाइलवर लटकलेलं होतं! मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं, कारण तोवर मी स्वतः पण लोकांना तसंच टाइप करून देत आले होते.

मग ते युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचेच कोड असतात त्या पद्धतीत, आणायला घेतलं. नेटवर कन्व्हर्टर मिळतात पण दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करतात, जशी हाताने लिहिताना आधी काढतो तशी, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं, जुन्यात अक्षर टाइप केल्यावर वर रफार द्यायचा, युनिकोडमध्ये र आणि त्याचा मोडलेला पाय आधी, अक्षर नंतर. म्हणजे ‘सूर्य’ शब्दात र ची जागाच वेगळी. हे सगळं लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरच्या शोधा-बदला मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना, लावून केलं, दुकान बंद झाल्यावर चार रात्री बसले. आणि तरी एक गोष्ट राहिलीच. काकांनी सगळीकडे ‘दऱ्या’ लिहिलेलं होतं, डोंगर-दऱ्या, त्याचं कन्व्हर्टरने ‘दर्या’ केलेलं. त्र्यंबकच्या डोंगरात समुद्र आणला! आपल्या मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत आणि वाचताना नुसत्या त्या र वरून कळतं, हा फरक जपायचा तर कीबोर्डवर तो र वेगळा पाहिजे. इन्स्क्रिप्टमध्ये तो आहे, शिफ्ट दाबून जे, मग डी ने पाय मोडायचा, मग य. तीन बटणं. मी आधी टाइपरायटरच्या पद्धतीने शिकलेली, बोटं बसलेली, तरी महिनाभरात इन्स्क्रिप्ट हाताला आलं. लिनक्समध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलं की झालं, वेगळं सॉफ्टवेअर विकत आणायला लागत नाही, डाँगल लावायला लागत नाही.

आणि अक्षर पडद्यावर नीट जुळून दिसतं त्याच्यामागे हार्फबझ नावाचा एक भाग आहे. क्ष, ज्ञ, त्र, रफार, वेलांटी, कोणतं अक्षर कुठे जाऊन बसायचं ते तो ठरवतो. तो खुला आहे, फायरफॉक्समध्ये तोच, क्रोममध्ये तोच, तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये पण तोच, आणि लिब्रेऑफिसमध्ये २०१७ च्या ५.३ पासून सगळीकडे तोच. त्यामुळे मी दुकानात टाइप केलेलं काकांच्या नातवाच्या फोनवर जसंच्या तसं दिसलं.

आता रोजचे त्रास, कारण ते पण आहेत. सुरुवातीला माझ्या प्रिंट खालून कापल्या जायच्या, अर्जाची शेवटची ओळ गायब, सहीची जागाच नाही. प्रिंटर बदलायच्या बेतात होते. मग कळलं की इन्स्टॉल करताना भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवलेली, आणि त्या देशात कागद लेटर साइजचा असतो, आपल्या ए-फोर पेक्षा थोडा रुंद आणि उंचीला कमी. रीजन भारत केला, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए-फोर केलं, संपलं. प्रिंटिंग सांभाळणारा प्रोग्राम असतो त्याला कप्स म्हणतात, ब्राउझरमध्ये localhost:631 टाकलं की त्याचं पान उघडतं, कुठली प्रिंट का अडकली ते तिथे लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय लावा. लिनक्स कारण सांगतं, इंग्रजीत आणि जरा कोरडं सांगतं पण सांगतं.

दुसरं म्हणजे एकदा अपडेट केलं आणि वायफाय गेलं. दुपारची वेळ, कॉलेजची पोरं प्रोजेक्ट घेऊन रांगेत. त्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबरोबर, चालत नव्हता. पण अपडेट झालं तरी जुनं कर्नल मशीनमध्ये राहतं, मशीन चालू होताना येणाऱ्या ग्रब नावाच्या मेनूत जाऊन जुनं निवडलं, पाच मिनिटांत काम सुरू. तेव्हापासून मी अपडेट दुकान बंद करतानाच करते, आणि त्याआधी टाइमशिफ्ट नावाच्या प्रोग्रामने एक स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत. हे मात्र लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टीम परत आणतं, तुमच्या फाइली त्यात धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर.

पोरांचं निघालं म्हणून पेनड्राइव्हचं सांगते. दिवसाला वीस-पंचवीस पेनड्राइव्ह लागतात माझ्या मशीनला, त्यातल्या कितीतरी शॉर्टकट व्हायरसवाल्या. मुलगी रडवेली होऊन येते, उद्या सबमिशन आहे आणि ड्राइव्ह रिकामा दिसतोय. फाइली असतात, व्हायरसने लपवलेल्या असतात, लिनक्समध्ये लावल्यावर सरळ दिसतात कारण विंडोजची लपवायची खूण इथे धरली जात नाही. मी त्या काढून देते, ड्राइव्ह साफ करून देते. तो व्हायरस माझ्या मशीनवर चालत नाही, पण एकीची फाइल दुसरीच्या ड्राइव्हवर टाकताना काळजी घ्यावीच लागते, नाहीतर आपल्या हातून पसरायचा.

जे होत नाही ते पण स्पष्ट सांगते. हिशेबाचं टॅली विंडोजसाठीच आहे. टेंडर भरणारे कॉन्ट्रॅक्टर येतात, त्यांचं डिजिटल सहीचं टोकन माझ्याकडे दोन-तीनदा बसवून बघितलं, नाही जमलं, म्हणून कोपऱ्यात एक विंडोजचं मशीन अजून ठेवलंय. डिझाइनचं कोरल-ड्रॉ चालत नाही, ते लग्नपत्रिकावाल्यांना अवघड जातं. गंमत म्हणजे कोरल कंपनीने १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स काढलेलं आणि २००० मध्ये कोरल-ड्रॉ ९ लिनक्ससाठी आणलं होतं, पुढे टिकलं नाही. मी पत्रिका इंकस्केप नावाच्या डिझाइनच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये करते, पण ज्याच्याकडे हजार जुन्या कोरलच्या फाइली आहेत त्याला मी चल म्हणणार नाही.

आणि सध्या सगळे विचारतात तो प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० हा मशीनमधला सुरक्षेचा भाग आणि नवा प्रोसेसर लागतो, मग घरचा चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात द्यायचा का? देऊ नका. चार जीबी रॅम असेल तरी लिनक्स मिंट चालतं, जमलं तर हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट येणार आहेत. शेतावर द्राक्षाच्या फवारणीच्या नोंदी ठेवणारा माझा भाऊ असल्याच एका दहा वर्षं जुन्या मशीनवर आहे, निफाडला, आणि महिन्यातून एकदा सुद्धा फोन येत नाही त्याचा.

मी लिनक्स मिंटचे दहा पेनड्राइव्ह तयार करून आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. आज इन्स्टॉल करू नका. लॅपटॉपला लावा, पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय लागतंय का बघा, आवाज येतोय का, कॅमेरा दिसतोय का, घरी गेल्यावर प्रिंटर लावून ए-फोर वर एक पान काढा. मग कीबोर्डमध्ये मराठी निवडा आणि ‘दऱ्याखोऱ्या’ टाइप करा. अडलं तर मी नऊ वाजेपर्यंत इथेच आहे, आणि कोणाकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील, वडिलांच्या, आजोबांच्या, त्या पण आणा, सीडी असली तरी चालेल, माझ्याकडे ड्राइव्ह आहे अजून.