पायांना पट्टे, छातीला आराम

नमस्कार श्रोतेहो. जोतिबाच्या पायऱ्या चढताना, नाहीतर जेवून लगेच चालायला लागल्यावर छाती आवळून येते, घाम फुटतो, आणि चार मिनिटं बसलं की उतार पडतो. हा अंजायना. हृदयाला काम वाढतं, पण अरुंद झालेल्या धमन्यांतून तेवढं रक्त पोचत नाही.

बहुतेकांना गोळ्या, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनं आराम पडतो. काहींना मात्र सगळं करूनही दुखतंच, आणि पुन्हा शस्त्रक्रिया झेपणारी नसते. त्यांच्यासाठी ईईसीपी, म्हणजे एन्हान्स्ड एक्स्टर्नल काउंटरपल्सेशन, हा चिरफाड नसलेला उपचार आहे.

पेशंटला पलंगावर झोपवून पोटऱ्या, मांड्या आणि नितंबांना रुंद पट्टे बांधतात. बीपी मोजायचा पट्टा असतो ना, तसेच. छातीला ईसीजीच्या वायरी. ठोका देऊन हृदय सैल पडलं की पट्टे पोटरीपासून वर क्रमानं फुगतात आणि रक्त हृदयाकडे रेटतात. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या मुख्यतः याच विसाव्यात भरतात. पुढच्या ठोक्याआधी पट्टे एकदम सैल, म्हणजे हृदयाला जोर कमी लागतो. दर ठोक्याला अंग हादरतं. आत घट्ट विजार घालतात. तिला चुणी राहिली तर कातडी सोलवटते.

रोज एक तास, आठवड्याला 5 दिवस, 7 आठवडे, असे 35 तास. चंदगड, आजऱ्याहून येणाऱ्यांनी मुक्कामाची आणि खर्चाची सोय आधी बघावी, अर्धवट सोडू नये.

आता मनापासून सांगतो. ‘बायपास टाळा, ब्लॉकेज विरघळवा’ अशा जाहिरातींवर विसंबू नका. हे पट्टे ब्लॉकेज काढत नाहीत. 1999 साली अमेरिकेत 139 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खरे पट्टे आणि नुसते नावापुरते फुगवलेले पट्टे यांची तुलना होती. खऱ्या उपचारानं छातीचं दुखणं कमी झालं. आयुष्य वाढतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. ज्याला डॉक्टरांनी बायपासची गरज सांगितली आहे, त्यानं ती यासाठी लांबवणं मला धोक्याचं वाटतं.

पायाच्या शिरेत गुठळी, महाधमनीला फुगवटा, तिची झडप जास्त गळकी, किंवा बीपी आटोक्यात नसेल तर हा उपचार करत नाहीत. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला.

आणि बसल्या जागी छाती दुखायला लागली, थांबेना, तर पट्ट्यांचा विचारही नको. गाडी स्वतः चालवू नका. 108 ला फोन करा.