मधुचंद्राचा सोमवार, दिवाडी बेटावर

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, आणि मार्गशीर्षात कळंगुट-बागा भागातील हॉटेले नवविवाहित जोडप्यांनी भरून जातात. आपल्या समोरचे हे जोडपे पणजीत उतरले आहे. मुलगा कोल्हापूरचा, मुलगी नाशिकची. सहलीतला सोमवार मात्र त्यांनी समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवलेला नाही. कोल्हापूरच्या घराचे कुलदैवत गोव्यातील श्री सप्तकोटेश्वर असल्यामुळे, लग्नानंतर जोडीने पहिले दर्शन तिथे व्हावे, असे वडीलधाऱ्यांनी निघतानाच सांगितले आहे. डिचोली तालुक्यातल्या त्या देवळापर्यंत गाडीरस्ता आहे. तरीही या दोघांनी मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरून जायचे ठरवले आहे. आमच्या मते हीच योग्य वाट आहे, कारण आज नदीपलीकडे असलेल्या या देवाचे जुने स्थान बेटावरच होते.

जुन्या गोव्यात, वास्को द गामाच्या पणतूने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या कमानीपासून थोडे खाली उतरले की फेरीबोटीचा धक्का लागतो. पायी येणाऱ्याला तिकीट नाही. शाळकरी मुले, दुचाकीस्वार आणि बाजारहाट करून परतणाऱ्या बायका यांच्यामध्ये, हातात हिरवा चुडा असलेली नवी नवरी कठड्याशी उभी राहते, आणि काही मिनिटांतच बोट पलीकडच्या धक्क्याला लागते.

धक्क्यापासून पियेदाद गावापर्यंतचा रस्ता सखल शेतांमधून जातो. ही खाजने आहेत. भरतीचे खारे पाणी थोपवण्यासाठी पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घातले आणि त्या बांधांत जागोजागी मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीच्या पाण्याचा दाब बाहेरून आला की झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून नदीत निघून जाते, आणि एवढ्या साध्या युक्तीवर इथे शतकानुशतके भात पिकत आले आहे. खारटपणा सोसणारे कोरगुट भात याच जमिनीतले. आता कापणी उरकलेली आहे, मोकळ्या शेतांत बगळे उतरले आहेत, आणि बांधाच्या कडेने खारफुटीची गर्द रांग दिसते. बांध एकदा फुटला आणि खारे पाणी आत शिरले, तर जमीन पुन्हा लागवडीला येण्यास फार काळ जातो, म्हणून बांधाची देखभाल हे अख्ख्या गावाचे काम मानले गेले. गोव्याला येणाऱ्या प्रत्येकाने किनाऱ्याआधी ही शेते पाहावीत, असे आम्हांला मनापासून वाटते.

पियेदाद हे बेटावरचे मुख्य गाव. सोमवार असल्यामुळे दोघांनी मासळी वर्ज्य केली आहे. चौकातल्या लहानशा हॉटेलात पातळभाजी, पाव आणि बन्स यांवर त्यांची न्याहारी होते. पुढे गल्लीतून चालताना घरांचे बल्कांव दिसतात. दारापुढच्या या ओट्यावर दोन्ही बाजूंना बसायला बाक असतात, आणि काही जुन्या घरांच्या खिडक्यांना अजून काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत, ज्यांतून दुपारचे ऊन मऊ होऊन घरात येते. एका बल्कांवात बसलेल्या आजी विचारतात, "तुमी खंयचीं?" मुलगा गाव सांगतो, कुलदैवताचे नाव सांगतो, आणि आजी हाताने देवाच्या जुन्या स्थानाची, बेटावरच्या नार्वे गावाची, दिशा दाखवतात. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां हा बावट्यांचा उत्सव भरतो. तो पाहायला पावसात यावे लागेल.

टेकडीवरच्या चर्चचा आराखडा आंतोनियु जुआंव द फ्रियस या गोमंतकीय धर्मगुरूने अठराव्या शतकाच्या आरंभी केला. चर्चच्या दफनभूमीतल्या लहान प्रार्थनामंदिरात कदंबकालीन कोरीव दगडी छत टिकून आहे. इथे पूर्वी गणपतीचे देऊळ होते, आणि तो गणपती आज खांडोळ्याला महागणपती म्हणून पुजला जातो. वधू त्या छताकडे बराच वेळ पाहत राहते.

बेटाच्या उत्तर टोकाला नार्वे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा आराध्य देव. त्यांच्या नाण्यांवरही या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. बहामनी आक्रमणात देऊळ पडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभे केले, आणि १५४० मध्ये पोर्तुगीज राजवटीत ते पुन्हा पाडले गेले. भक्तांनी लिंग नदीपार नेले, तेव्हा पलीकडचा डिचोली महाल पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता. देवामागोमाग गावाचे नावही गेले असावे, कारण आज दोन्ही तीरांवर नार्वे आहे. इकडच्या नार्व्यात कोटितीर्थ ही जुनी तळी आणि जुन्या बांधकामाचे अवशेष तेवढे उरले आहेत. मुलगा घरी व्हिडिओ कॉल लावतो आणि तळीच्या पायऱ्या आईवडिलांना दाखवतो; त्यांनी देऊळ अनेकदा पाहिलेले आहे, पण हे मूळ स्थान कधीच पाहिलेले नाही.

दुसरी फेरीबोट त्यांना पलीकडच्या नार्व्यात सोडते. झाडीत, दीपमाळेमागे कौलारू छपराचे आणि घुमटाचे देऊळ उभे आहे. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी तिथी आहे, आणि श्रीशिवराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचे नोंदलेले आहे. म्हणजे १६६८ चा नोव्हेंबर. शिवाजी महाराजांच्या या देवालयाचे अलीकडे जतनकार्य झाले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. ज्या महाराष्ट्रात शिवरायांचे गड मुलांना तोंडपाठ असतात, तिथे हे देऊळ इतक्या कमी लोकांना ठाऊक असावे, याची खंत वाटते.

गाभाऱ्यात पैलूदार धारालिंग आहे. दोघे जोडीने अभिषेकाला बसतात. गुरुजी संकल्पासाठी गोत्र विचारतात, मग यजमानाच्या पत्नीचे नाव विचारतात, आणि लग्नात ठेवलेले नवे नाव ती या कुळाच्या देवापुढे पहिल्यांदा स्वतः उच्चारते.