रडणारा ऋषी

श्रोतेहो, नमस्कार. ऋषी म्हटलं की कमंडलू आणि शाप! टीव्हीवरच्या मालिकांनी तर त्यांना शापापलीकडे कामच ठेवलेलं नाही. आज ऐका एका रडणाऱ्या ऋषीची गोष्ट.

नाव असित. असित म्हणजे काळा. पाली भाषेत त्याला कण्हसिरीही म्हणतात, म्हणजे पुन्हा काळाच. सुत्तनिपात या जुन्या बौद्ध ग्रंथातल्या नालकसुत्तात ही गोष्ट येते. हा ग्रंथ मराठीत आणला गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी.

असित दुपारचा विसावा घेत होता. बघतो तर काय, इंद्रासकट सगळे देव उपरणी उडवत नाचताहेत! त्यानं विचारलं, “अहो, असुरांना हरवलंत तेव्हाही तुम्ही एवढे हरखला नव्हता. झालं काय?” देव म्हणाले, “लुंबिनीत बोधिसत्त्व, म्हणजे पुढं बुद्ध होणारा, जन्मलाय.”

म्हातारा तडक बाळाच्या वडिलांच्या, शुद्धोदनाच्या घरी. “कुमार कुठाय? मला बघायचाय.” बाळ कसं, तर मुशीतून काढलेल्या सोन्यासारखं. असितानं त्याला घेतलं, हरखला, आणि एकदम त्याच्या डोळ्यांना धार लागली. शाक्य, म्हणजे बाळाच्या कुळातली माणसं, घाबरली. बारशाला आलेलं वडीलधारं माणूस रडायला लागलं तर आपलं काय होईल? “बाळाला काही धोका आहे का?”

“नाही हो. हा बुद्ध होणार. पण माझं आयुष्य थोडं उरलंय. त्याचा धर्म ऐकायला मी नसेन.”

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात असित आणि ते बाळ चितारलेलं आहे. (तिथं मोबाईलचा फ्लॅश मारणाऱ्याला सरळ बाहेर काढावं, असं माझं मत.)

अट्ठकथेत, म्हणजे या ग्रंथांवरच्या पाली टीकेत, पुढं आणखी आहे. मेल्यावर असित अरूप लोकात जाणार. तिथं देहच नाही, म्हणजे कानही नाहीत. शंभर बुद्ध आले तरी त्याला काय ऐकू येणार? तप एवढं मोठं, आणि नेमकं तेच आड आलं. बौद्ध परंपरेत देवांच्याही माळा कोमेजतात, देवही मरतात. गीतेतलं “क्षीणे पुण्ये मर्त्यलोकं विशन्ति” आठवतंय ना? पुण्य संपलं की स्वर्गातून परत मर्त्यलोकात. तसंच काहीसं. देवही मरतात.

असितानं मग बहिणीच्या मुलाला, नालकाला, सांगून ठेवलं: “बुद्ध हा शब्द कानावर आला की जा.” मामा गेला. भाचा पस्तीस वर्षं थांबला, मग गेला आणि विचारलं, मुनी कसा असतो? त्या उत्तरात बुद्ध म्हणतात, लहान ओढे आवाज करत जातात, मोठं पाणी मुकाट वाहतं.

म्हणजे आपलं उथळ पाण्याला खळखळाट फार! माइकसमोर बसून हे सांगताना, खरं सांगतो, जरा ओशाळायला होतंय.