उभा, बसलेला, लोळलेला

(चोपड्यातल्या एका वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलंय, थोडी कातरी लावून.)

अध्यक्ष महाराज, जिभाऊ, माझ्या क्लासात बोटं बडवून गेलेले माजी विद्यार्थी, आणि मागे भिंतीला टेकून बसलेली, म्हणजे विसाव्या मिनिटाला डोळा लागणारी मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

पत्रिकेत विषय छापलाय : 'टॅबलेट : साधन की खेळणं?' चिटणीसांनी मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली सात सत्कारात गेली. मी पस्तीस वर्षं एसटी स्टँडच्या मागे टायपिंगचा क्लास चालवला. आधी रेमिंग्टनची मशिनं, मग कॉम्प्युटर. तेव्हा हा माणूस टॅबलेटला शिव्या घालायला आलाय, असं तुमच्या मनात असेल. तसं नाहीये. हे बघा, भाषणाचे मुद्दे टॅबलेटवरूनच वाचतोय. घरी कॉम्प्युटरसमोर बसून लिहिले आणि इथे उभ्यानं पाटीवरून वाचतोय. खरं म्हणजे माझं सगळं म्हणणं एवढ्यातच आलं, पण चहाला अजून आधण चढलेलं नाही, त्यामुळे बोलणं भाग आहे.

क्लासात पोरगं पहिल्या दिवशी आलं की मी त्याला मशीनला हात लावू द्यायचो नाही. आधी बैठक. पाठ सरळ, पाय जमिनीला टेकलेले, मनगटं अधांतरी, नजर कागदावर. पोरं कंटाळायची, त्यांचे बाप भांडायला यायचे की फी दिलीय टायपिंगची आणि तुम्ही नुसतं बसायला शिकवता. पण परीक्षेत मिनिटाला तीस शब्द काढायचे तर ते बोटांनी निघत नाहीत, बैठकीतून निघतात. गवयाला विचारा, पैलवानाला विचारा, भरीत घोटणाऱ्या बाईला विचारा. घोटताना ती कशी बसते ते बघा.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक खूळ आहे. यंत्र साधन आहे की खेळणं हे यंत्राकडे बघून कळत नाही, ते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे बघा. तो उभा आहे, बसलाय की लोळतोय? उभ्या माणसाच्या हातात टॅबलेट हे हत्यार असतं. लोळणाऱ्याच्या हातात खेळणं. आणि बसलेल्या माणसाला टॅबलेट दिला, तर दहा मिनिटांत एकतर तो वैतागून उठतो, नाहीतर हळूहळू घसरत आडवा होतो.

हे मी मनचं सांगत नाही. २७ जानेवारी २०१० ला सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयपॅड, म्हणजे त्यांचा टॅबलेट, दाखवला. तो व्हिडिओ काढून बघा. हा माणूस एरवी मंचावर येरझाऱ्या घालत बोलायचा. त्या दिवशी मंचावर चक्क सोफ्याची खुर्ची मांडलेली. तिच्यात रेलून, मांडीवर आयपॅड ठेवून त्यानं तो वापरून दाखवला. बनवणाऱ्यानंच सांगून टाकलं की मंडळी, हे रेलायचं यंत्र आहे. शेजारी टेबल मांडलं असतं, तर आज माझ्यावर ही वेळ आली नसती.

त्याच वर्षी जूनमध्ये तो आणखी एक म्हणाला. देश शेतकऱ्यांचा होता तेव्हा सगळ्या गाड्या म्हणजे ट्रकच होते, शहरं वाढली तशा कार आल्या. पीसीचंही, म्हणजे टेबलावरच्या कॉम्प्युटरचंही, ट्रकसारखं होईल, राहतील, पण थोड्यांनाच लागतील. खरंय. पण साहेब, रावेरची केळी दिल्लीला कारमधून जात नाही. ट्रक चालवणारे थोडे असतात आणि बाकीचे सगळे त्या ट्रकमधून उतरलेलं खातात.

(हशा)

आता माझी तक्रार. तिच्यासाठीच मी आज आलोय हे चिटणीसांना ठाऊक आहे, म्हणून ते मघापासून घड्याळ बघतायत.

मी क्लास बंद केला तेव्हा मुलानं मला टॅबलेट दिला. बाबा, आता हेच, कॉम्प्युटर काढून टाका. मी म्हटलं, बरं. नेमकं त्याच वर्षी आपल्या वाचनालयाच्या अहवालाचं काम माझ्याकडे आलं. झोपाळ्यावर बसलो, टॅबलेट मांडीवर घेतला आणि गेल्या वर्षीची फाइल मागवली. उघडली तर मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच डोक्यावर छत्री घेतलेला 'ए'. तुमच्यापैकी डीटीपीवाले हसतायत, त्यांना कळलं. बाकीच्यांसाठी सांगतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीचे मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. आत 'के' बसवलेला, वर तोंड 'क'चं किंवा आणखी कशाचं. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि आतलं इंग्रजी उघडं पडतं. कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्ट टाकला की दोन मिनिटांचं काम. माझ्या टॅबलेटवर तो टाकायची सोय मला दोन दिवस शोधून सापडली नाही. नातवाला विचारलं तर म्हणाला, आजोबा, नवीन टाइप करून टाका ना. अठ्ठावीस पानं!

बसलो टाइप करायला. अहवालात एक वाक्य होतं, 'कार्यकर्त्यांच्या परिश्रमांमुळे संस्थेचे भवितव्य वाऱ्यावर नाही'. आता 'वाऱ्यावर'मधला ऱ्य. कॉम्प्युटरच्या इन्स्क्रिप्ट, म्हणजे सरकारी मांडणीच्या, कळफलकावर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश. तीन ठोके, डोळे मिटून. काचेवर मी तो चंद्रकोरीचा र शोधत बसलो. एका अक्षरावर बोट दाबून धरलं की त्याची भावंडं वर उगवतात. ती उगवली, पण त्यात हा भाऊ नाही. शेवटी 'वार्यावर' असं रफार देऊन सोडून दिलं. ज्यानं पस्तीस वर्षं पोरांचे एवढ्यावरून गुण कापले, त्यानं!

मग मुलगा म्हणाला, बाबा, बोलून टाइप करा. आता गंमत ऐका. यंत्र पुणेरी ऐकायला शिकलेलं, आणि घरात मी एकटा नाही. मी बोलतोय, तेवढ्यात आमच्या काकू आतून आल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय शे?", म्हणजे हे काय आहे? टॅबलेटनं इमानदारीत लिहिलं, 'हाय, काय शेव?' जणू शेवभाजीची ऑर्डरच घेतली. ते पुसलं. पुढचा मजकूर दिवंगत सभासदांविषयी होता. मी गंभीर आवाजात बोललो, दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर करण्यात आला. त्यानं लिहिलं, 'दुखवट्याचा सराव एकमताने मंजूर करण्यात आला'.

(बराच वेळ हशा)

हसू नका, तो तसाच छापला गेलाय. तुमच्या घरी अहवाल असेल तर पान अकरा काढा.

जाता जाता सांगतो, आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात ओव्या सुचायच्या आणि सोपानदेव अन् पितांबर चौधरी त्या उतरवून घ्यायचे. आपण बोलायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं, ही बोलून टायपिंगचीच पद्धत. फरक एवढाच की उतरवून घेणारे घरचे होते, त्यांना बोली कळत होती. तिथे हा टॅबलेट असता तर आज आपण काय वाचत बसलो असतो, देव जाणे. आणि जात्यावर बाई बसलेली असते, हेही लक्षात घ्या. नाही, ते ओढूनताणून झालं. सोडा.

अखेर मी काय केलं, तर गल्लीतल्या डीटीपीवाल्या पोराकडे गेलो. माझाच विद्यार्थी. पाठ सरळ, मनगटं अधांतरी. डाव्या खिडकीत जुनी फाइल, उजवीकडे नवी. इकडून उचललं, तिकडे ठेवलं. दोन तासांत अठ्ठावीस पानं. फक्त ठरावाचं पान माझ्याकडून टॅबलेटवरूनच गेलं होतं, ते त्यानं विश्वासानं तसंच घेतलं. गुरूचं कोण तपासतं?

आता उभ्या माणसाकडे येतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी बोलला.

माझा पुतण्या रावेरकडे केळीच्या पॅकहाउसवर सुपरवायझर आहे. निर्यातीचा माल. घड येतात, फण्या सुटतात, बाया तुरटीच्या पाण्यात धुतात, तेरा किलोचा बॉक्स भरतो, काट्यावर चढतो, उतरतो. पुतण्या दिवसभर उभा. त्याच्या हातात टॅबलेट, आणि टॅबलेट कुठे, तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबर लावलेलं. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, काका, पाणी. या काचेला बोटाचा दाब कळत नाही, अंगातली वीज कळते. पाण्याचा थेंब पडला की तिला वाटतं बोट टेकलं. एकदा तेराचे एकशे तेहेतीस झाले, आणि एका बॉक्सात एकशे तेहेतीस किलो केळी बसवल्याबद्दल मालकानं त्याचं अभिनंदन केलं. शिवाय केळीचा चीक. अंगठ्याला चीक लागलेला असला की तो पेराच्या हाडानं टकटक करतो. बघण्यासारखं असतं. पण त्या माणसाकडून तो टॅबलेट काढून घ्या आणि कॉम्प्युटर द्या, तो कुठे ठेवेल? हौदात? कोणत्या शेतकऱ्याचा माल, पावसाच्या तोंडी लावलेल्या मृगबागेचा की पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेचा, किती बॉक्स, डागी किती, हे सगळं जिथल्या तिथे फोटोसकट टिपलं जातं. आधी वहीत टिपायचा, संध्याकाळपर्यंत वही ओली.

आणि संध्याकाळी? तो सगळा हिशोब ऑफिसात एका मुलीकडे जातो. ती बसलेली. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आकड्यांच्या कळांवर, बघतसुद्धा नाही. पॅकिंग लिस्ट, बिल, शेतकऱ्याचा हिशोब, तीन खिडक्या उघड्या. पुतण्या म्हणतो, टॅबलेटवर हे करायला बसलो तर कंटेनर निघून जाईल. दोघांच्या हातात दोन यंत्रं आहेत, म्हणून केळी बंदरापर्यंत पोहोचते. भुसावळला गाडीत चढणारा टीसी बघा, पूर्वी हातात कागदी चार्ट, आता टॅबलेटसारखं यंत्र. तोही उभाच.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे. चहा गार होतोय.' मघाशी तर आधण नव्हतं!

तर मुख्य विषय. पटापट सांगतो.

पाटीसारखा कॉम्प्युटर ही कल्पना जुनी. १९७२ मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी डायनाबुक म्हणून ती मांडली, आणि त्यांच्या चित्रात कळफलक होता. मुलानं बघत राहायचं नव्हतं, त्यावर काही घडवायचं होतं. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स म्हणाले, पाच वर्षांत टॅबलेट पीसी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपेल. नाही खपला. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबलांनी 'आकाश' टॅबलेट आणला, सात इंची, स्वस्त, काच दाबून दाबून चालवायची. पोरांना वाटायचा आणि शिक्षण बदलायचं असा बेत होता. टेबलाचा विचार कुणी केला नव्हता.

पुढची गंमत अशी की, लोळायच्या यंत्राला, म्हणजे आयपॅडला, अ‍ॅपलनं हळूहळू उठवून बसवलं. २०१५ ला पेन, २०१९ ला माउस, २०२० ला ट्रॅकपॅडचा कळफलक, २०२५ ला वर मेनूची पट्टी. म्हणजे कॉम्प्युटरच झाला की! आणि मायक्रोसॉफ्टनं उलटं केलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचं बटण काढून बसलेल्या माणसाला काचेवर बोटं फिरवायला लावली. लोक ओरडले, दुसऱ्या वर्षी बटण परत.

टॅबलेटच्या बाजूनं : वीज गेली तरी चालतो, आणि आपल्याकडे हा लहान मुद्दा नाही. म्हाताऱ्यांना अक्षर मोठं करता येतं. जिभाऊ पेपर त्यावरच वाचतात. नकाशा, फोटो, मुलांची चित्रं, उत्तम.

विरुद्ध : उघडत नाही. कॉम्प्युटरची रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काढून खोडरबरानं घासली की निम्मे आजार जातात, टॅबलेट गोंदानं चिकटवलेला. आणि ऊन! आयपॅडवाले सांगतात, ३५ अंशांपर्यंत वापरा. मे महिन्यात भुसावळला ३५ म्हणजे पहाट.

दुसरी चिठ्ठी. ही श्रोत्यांची आहे. 'नात बारावी सायन्सला आहे. टॅबलेट घ्यावा की लॅपटॉप?' ताई, घरात तिच्यासाठी टेबल आहे का? नसेल तर आधी टेबल-खुर्ची घ्या, पाय टेकतील अशी. मग लॅपटॉप, जुना चालेल. पैसे उरले तर टॅबलेट, आकृत्या काढायला आणि गच्चीत फिरत फिरत पाठ करायला.

येतो, येतो चिटणीस. फक्त पान अकरावरचा तो सराव पुढच्या सभेत रद्द करून ठराव करून घ्या. आणि ते मला बोलायला लावू नका, त्या पोराला टाइप करू द्या.