जहाज बुडाल्यावर कॅप्टन चालत निघाला

नमस्कार मंडळी! डोळ्यांसमोर आणा: ११ जानेवारी १९१४, सायबेरियाच्या उत्तरेचा गोठलेला समुद्र. बर्फाच्या दाबाने कार्लुक नावाचं जहाज फुटलंय. सगळी माणसं बर्फावर उतरलीत. आत एकटा कॅप्टन आहे. तो ग्रामोफोनवर एकेक तबकडी लावतो, ऐकून झाली की शेगडीत टाकतो. शेवटची उरते शोपँची शोकधून. ती वाजत असतानाच जहाज खाली जायला लागतं. रेलिंग बर्फाच्या पातळीला आलं, तेव्हा कुठे तो बाहेर पाऊल टाकतो.

हा बॉब बार्टलेट. न्यूफाउंडलंडमधल्या ब्रिगस गावचा, दर्यावर्दी घराण्यातला. १९०९ साली अमेरिकन शोधक पिअरीच्या उत्तर ध्रुव मोहिमेत जहाज यानेच हाकलं, पुढे बर्फावरून जवळपास ८८ अंश उत्तर अक्षांशापर्यंत वाटही काढून दिली. तिथून पिअरीने त्याला माघारी पाठवलं. पण मला तो भावतो तो कार्लुकमुळे.

कार्लुक कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेवर होतं. मोहिमेचा प्रमुख स्टेफान्सन १९१३ च्या सप्टेंबरमध्येच शिकारीसाठी उतरला होता. जहाज बर्फासोबत वाहत गेलं आणि प्रमुख मागेच राहिला. जहाजावर २५ जण, त्यात एक इनुइट (आर्क्टिकचे मूळ रहिवासी) कुटुंब, दोन लहान मुलींसकट. किरुक, त्या मुलींची आई, सगळ्यांसाठी कातड्याचे कपडे आणि बूट शिवायची. त्या बुटांशिवाय पायांची बोटं गेलीच असती.

मार्चमध्ये बरेच जण सायबेरियाच्या उत्तरेला असलेल्या रँगल बेटावर पोचले. पण तिथे कोण शोधायला येणार? बाकीच्यांत ताकद नव्हती, म्हणून बार्टलेट एकाच सोबत्याला घेऊन बर्फावरून सायबेरियाकडे निघाला. काताक्तोविक, तरुण इनुइट शिकारी. हे नाव लक्षात ठेवा, कारण कॅप्टनचं कौतुक करताना लोक त्याला विसरतात. कुत्र्यांची घसरगाडी, मध्येच दुभंगणारा बर्फ, खाली काळं पाणी. सायबेरियाच्या किनाऱ्यावरचे चुकची लोक आपल्याला मारतील अशी काताक्तोविकला भीती होती. तरी तो गेला. आणि त्याच चुकचींनी दोघांना घरात घेतलं, कपडे वाळवले, जेवू घातलं. जवळजवळ ११०० किलोमीटरची ही वाटचाल! मग बार्टलेट अलास्काला पोचला आणि मदतीसाठी तारा धाडल्या.

सप्टेंबरमध्ये एका मच्छीमार जहाजाने बेटावरच्या १२ जणांना उचललं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जहाजावरून येणारा बार्टलेट भर समुद्रात त्यांना भेटला. पहिलाच प्रश्न: सगळे आहात ना? नव्हते. तिघे बेटावर दगावले होते, आठ जण तर बेटापर्यंत पोचलेच नव्हते.