काळ्या मातीवरचं घर

नमस्कार श्रोतेहो.

तालुक्याच्या गावाबाहेर जिथं काल-परवापर्यंत कपाशी आणि तूर उभी होती, तिथं आता लेआउट पडलेत. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत दगड, मधे कच्चा रस्ता आणि एकेक घर उभं राहतंय. स्वतःचं घर बांधणाऱ्याची मान ताठ होतेच, आणि का होऊ नये? अडचण एवढीच, की हौसेचा पैसा बहुतेक वेळा समोरच्या एलेव्हेशनला, ग्रेनाइटच्या ओट्याला आणि मोठ्या फाटकाला लागतो. दोन उन्हाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकायला लागतं, आणि मग मिस्त्रीच्या नावानं ओरड सुरू होते. मिस्त्रीचा दोष असेलही, पण बहुतेक वेळा खरं कारण पायव्याखालची माती असते. म्हणून आज जास्त बोलायचं ते मातीवर आणि स्लॅबवर.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सातबारा सगळेच पाहतात. त्याच्या जोडीला जमीन अकृषक, म्हणजे शेतीखेरीज वापराची, झाल्याचा कागद आणि मंजूर लेआउटचा नकाशा पाहा, आणि नकाशातला रस्ता जागेवर टेप लावून मोजा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, भर पावसात पाणी कुठं साचतं. त्याला विकायचं काही नसतं, तो खरं सांगतो.

आता माती. बुलडाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली काळी जमीन आहे. भंडारा-गोंदियाकडची धानाची जमीन वेगळी, तिचं गणित इथं लावू नका. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याच्या बारीक थरांमधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आकसते. एप्रिल-मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. कपाशीला ही माती मानवते, घराला नाही. घराच्या मधोमध जमिनीचा ओलावा बाराही महिने साधारण सारखा राहतो. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगून घराचे कोपरे उचलते आणि उन्हाळ्यात आकसून त्यांचा आधार काढून घेते. विटांच्या भिंतीला ही ओढाताण सोसत नाही. दार-खिडकीच्या कोपऱ्यात भिंत कमजोर असते, तिथून ती फाटते.

इथं एक मोठा गैरसमज आहे. ‘आपलं एकच मजल्याचं घर, त्याला खोल पायवा कशाला?’ असं लोक म्हणतात. काळ्या मातीत हे उलटं आहे. घर जितकं हलकं, तितकी माती त्याला सहज उचलते. तीन मजली इमारत आपल्या वजनानं माती दाबून धरते, दोन खोल्यांच्या घराला ते जमत नाही.

म्हणून नकाशा काढायच्या आधी प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीनं एकेक खड्डा करून पाहा. काळी माती कुठं संपते आणि कडक मुरूम कुठं लागतो, ते मोजून लिहून ठेवा. एका कोपऱ्यात चार फुटांवर मुरूम आणि दुसऱ्यात आठ फुटांवर, असं एकाच प्लॉटमधे होऊ शकतं. अशा वेळी अर्धे कॉलम मुरुमावर आणि अर्धे काळ्या मातीवर ठेवले, तर घर मधून फाटणारच. सगळ्या फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या पायाचा, तळ मुरुमातच गेला पाहिजे, तोही किमान अर्धा फूट आत. खोली कमी-जास्त झाली तरी चालेल.

माती किती फुगते ते पाहण्याची सोपी चाचणी आहे. वाळवून, कुटून, बारीक चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम शंभर मिलिलिटरच्या दोन मापनळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल शंभरच्या खुणेपर्यंत भरून दिवसभर ठेवतात. रॉकेलमधे ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती दहावर आणि पाण्यातली पंधराच्या वर दिसली, म्हणजे पन्नास टक्क्यांहून जास्त फुगली, तर ती फार त्रासाची माती समजायची. मातीची तपासणी करणारी प्रयोगशाळा किंवा तुमचा अभियंता हे करून देतो, आणि त्याचा खर्च फाटकाच्या रंगाहूनही कमी येतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी दहा-बारा फूट खणलं तरी मुरूम लागत नाही. तिथं अंडररीम पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेला काँक्रीटचा खोल खांब, हा चांगला मार्ग. बारा इंच व्यासाचा गोल खड्डा किमान साडेतीन मीटर खोल न्यायचा आणि तळाशी खास अवजारानं अडीचपट, म्हणजे तीस इंच रुंद करायचा. एवढ्या खोलीवर ओलावा ऋतूप्रमाणं फारसा बदलत नाही. वरची माती पाइलला वर ओढायला लागली तरी खालचा फुगारा त्याला धरून ठेवतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. सळ्या किती, पाइल किती, हे अभियंत्यानंच ठरवायचं.

पाइल असो वा कॉलम, वरची प्लिंथ बीम, म्हणजे त्यांना जोत्याशी जोडणारी आडवी काँक्रीटची तुळई, थेट काळ्या मातीवर टेकवू नका. खाली तीनेक इंच जागा मोकळी ठेवायची आणि बाजूनं विटा लावून तिच्यात माती घुसू द्यायची नाही. फुगलेल्या मातीला जायला जागा मिळाली की ती बीमला वर ढकलत नाही.

खड्डे खणून महिनाभर उघडे ठेवण्याची सवयही वाईट. ऊन लागलं की तळ भेगाळतो, अवकाळी पाऊस आला की चिखल होतो. शेवटचा अर्धा फूट ज्या दिवशी खणाल, त्याच दिवशी एकास चार-आठ मालाचं, म्हणजे एक भाग सिमेंट, चार रेती, आठ गिट्टीचं, चार इंच काँक्रीट तळाला टाका. चिखल झालाच, तर तो पूर्ण खरवडून काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता ठेकेदाराची जी काटकसर सगळ्यात महाग पडते, ती ऐका. पायव्यातून निघालेली काळी माती जवळच पडलेली असते. ट्रॅक्टरचं भाडं वाचवायला तीच जोत्यात भरतात. एका पावसाळ्यात ती ओल धरून फुगते आणि फरशी उचलते; पायाखाली पोकळ आवाज यायला लागतो. जोत्यात आणि फुटिंगच्या भोवती मुरूमच भरायचा. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमसानं किंवा मशीननं कुटाई, आणि मगच पुढचा थर. तीन फूट मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे कुटाई नव्हे.

उधई आपल्याकडं लाकडी चौकट आणि धान्याची कोठी दोन्ही खाते. त्यासाठी भराव झाल्यावर, फरशीखालचं काँक्रीट टाकायच्या आधी क्लोरपायरीफॉसचं एक टक्का द्रावण चौरस मीटरला पाच लिटर या हिशेबानं मुरवतात. औषध वीस टक्क्यांचं असेल तर एका लिटरला एकोणीस लिटर पाणी. हातमोजे आणि तोंडावर फडकं हवंच. विहीर किंवा हातपंप लागून असेल तर हे औषध वापरू नका.

जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. कच्च्या रस्त्यावर पुढं मुरूम पडतो, मग डांबर, मग त्यावर काँक्रीट, आणि पाच-सात वर्षांत रस्ता फूटभर वर येतो. आज जोतं दोन-अडीच फूट असलं, तरच तेव्हा पाणी अंगणात थांबेल, घरात येणार नाही.

घर पूर्ण झाल्यावर भोवती किमान तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला. घरालगतच्या मातीत पाणी एकाच जागी मुरत राहणं सगळ्यात वाईट. आपल्याकडं हे काम कूलर करतो. मार्चपासून जूनपर्यंत खिडकीच्या स्टँडवरून थेंब-थेंब पाणी एकाच कोपऱ्यात पडत राहतं. बाकी सगळी माती वाळून आकसलेली आणि तेवढा एक कोपरा ओला. त्या खिडकीखालची भेग कशाची, हे मग कुणाच्या लक्षातच येत नाही. कूलरखाली ट्रे आणि नळी लावा, पाणी पट्ट्याच्या बाहेर काढा. न्हाणीचं पाणीही भिंतीलगत केळी-अळूला सोडू नका. काळ्या मातीत शोषखड्डा फारसा शोषत नाही, म्हणून तो घरापासून लांब, शक्यतो मुरुमापर्यंत न्या. कडुलिंब, पिंपळ यांसारखं मोठं झाड पूर्ण वाढीत जेवढं उंच होईल, निदान तेवढं भिंतीपासून दूर हवं. मुळं उन्हाळ्यात जमिनीतलं उरलंसुरलं पाणीही ओढून घेतात.

आता स्लॅब. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला, बीम सोडून, एकास दीड-तीन प्रमाणाच्या एम-२० प्रतीच्या काँक्रीटमधे साधारण ९५ पोती सिमेंट, पावणेदोन ब्रास रेती आणि साडेतीन ब्रास गिट्टी लागते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रेती ओली असेल तर ती फुगलेली असते. मापात पाव हिस्सा जास्त दिसते, पण माल कमी असतो. रेतीत माती किती ते पाहायला सरळ काचेची बाटली घ्या. अर्धी रेतीनं भरा, मिठाचं पाणी ओता, हलवून तीन तास ठेवा. रेतीवर बसलेला मातीचा थर रेतीच्या शंभरात आठ भागांहून जास्त असेल, तर ती गाडी परत पाठवा.

सिमेंटच्या पोत्यावर तारीख किंवा आठवडा छापलेला असतो. तीन महिन्यांहून जुनं नको. आणि स्लॅबच्या दिवशी मालकानं कॅमेऱ्याकडं नाही, पाण्याकडं पाहावं. पन्नास किलोच्या पोत्याला एम-२० साठी जास्तीत जास्त तीस लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहून कमी. मिक्सरवरचा माणूस पाइप ड्रममधे तसाच सोडून देतो, कारण पातळ माल टोपल्यातून पटकन पसरतो. पण जास्तीचं पाणी उडून गेल्यावर तिथं बारीक छिद्रं राहतात, आणि तेवढी ताकद गेली. पाइप बंद करा, पाण्याचा वेगळा ड्रम भरून ठेवा आणि त्यातून बादली मोजून टाका.

सळ्यांच्या खाली वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक लागतात. गिट्टीचे तुकडे ठेवतात ते घसरतात. सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्याच्या, पत्र्याला टेकते, गंजते, आणि काही वर्षांनी छताचा पापुद्रा ताटात पडतो. ब्लॉक आठवडाभर आधी सिमेंट-रेतीचे ओतून पाण्यात बुडवून ठेवावेत, त्यात बांधणीची तार खोचायला विसरू नये. छज्जा आणि बाल्कनीची गोष्ट आणखी नाजूक. तिथं मुख्य सळ्या वरच्या बाजूला असतात. काँक्रीट टाकताना मजूर त्यावर पाय देतो, सळ्या खाली बसतात, वरून काही दिसत नाही, आणि सेंट्रिंग काढलं की छज्जा झुकतो. सळ्यांखाली लोखंडी खुर्च्या द्या आणि चालायला फळ्या टाका.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या भागात, बोअरचं पाणी काँक्रीटला चालत नाही. लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या वर नको. खारं पाणी आतून सळई खातं आणि भिंतीवर पांढरी पूड आणतं. गोड्या पाण्याचा टँकर घ्या.

आता तराई, म्हणजे टाकलेलं काँक्रीट ओलं ठेवणं. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त गाठायला भर उन्हाळ्यात स्लॅब टाकतात, नेमकं पाणी नसतं तेव्हा. आपल्याकडं मिळणारं बहुतेक सिमेंट राख मिसळलेलं असतं, त्याला उन्हाच्या दिवसांत चौदा दिवस ओल हवी. हजार चौरस फुटांवर दोन इंच पाणी उभं करायचं तर पावणेपाच हजार लिटर लागतं, आणि उन्हानं रोज सेंटीमीटरभर उडालं तरी रोजचे नऊशे लिटर जातात. हा हिशेब जमत नसेल तर स्लॅब दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत टाका. मे महिन्यातच टाकायचा असेल, तर पहाटे सुरू करा, आणि पृष्ठभाग सुकायच्या आत ओला बारदाना पांघरा. स्लॅबखालचे टेकू पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस हलवू नका, आणि बीमखालचे वीस फुटांपर्यंत चौदा दिवस.

विटांचं एवढंच. कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख आपल्या दाराशी असल्यानं राखेच्या विटा सहज मिळतात. भट्टीची वीट घेत असाल तर कोरडी तोला, दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोला. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर नको. आणि भिंत एका दिवसात पाच फुटांपेक्षा उंच चढवू नका.

इतकं करूनही पहिल्या वर्षी एखादी बारीक भेग दिसेल. लगेच पुट्टी-रंगानं बुजवू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, आणि मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ पट्टी आडवी लावा. मे महिन्यात पट्टी तडकली आणि सप्टेंबरात भेग पुन्हा मिटली, तर ती मातीची हालचाल आहे. आधी त्या बाजूचं पाणी शोधा, मग भेग सिमेंटनं नव्हे, लवचीक सीलंटनं भरा. पट्टी दोन्ही ऋतूंत तडकतच गेली, भेग पेन्सिलीच्या खुणेपलीकडं सरकली किंवा तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं मावायला लागलं, तर मिस्त्रीला नाही, अभियंत्याला बोलवा, आणि त्याच्यासमोर त्या दोन खड्ड्यांची लिहून ठेवलेली मापं ठेवा.